रुमालाखालचा जामीन

बनाबाईनं आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नव्हता आणि हाशम व्यापाऱ्यानं कुणाचा रुपया कधी घेतलाच नव्हता. बँकेच्या लेखी दोघंही बाद ठरले, तेही एकाच सकाळी, एकाच टेबलापाशी.

टेबलामागचा साहेब वाईट माणूस नव्हता. तरुण होता, त्याचा घसा बसला होता आणि शनिवारची गर्दी आवरता आवरता तो मेटाकुटीला आला होता. तरी त्यानं बनाबाईला नीट समजावलं. मुलीला, प्रियंकाला, शिक्षणाचं कर्ज हवं तर सोबत सहीला एक मोठं माणूस लागतं. आई आहे हे चांगलंच, पण आईचा सिबिल स्कोअर पार तळाला गेलेला आहे.

"म्हंजी काय झालंय?" बनाबाईनं विचारलं.

"मागं बचत गटातून कर्ज घेतलं होतं ना तुम्ही? त्याचे हप्ते चुकलेत. लागोपाठ."

"समदं फेडलंय की, सायेब. येक पैसा ठेवला न्हाय."

ते खरंच होतं. सांगोल्याच्या पल्याड त्यांचं गाव. बनाबाई आणि तिचा नवरा बिरप्पा, दोघांनी मेंढरं रात्री कोंडायच्या वाघरीला नवी जाळी घ्यायला ते कर्ज काढलं होतं. हप्ता दर मंगळवारी. पण दिवाळी सरली की मेंढरं चाऱ्यामागं लांब जातात, आणि मेंढरांमागं माणसं. रानातल्या तळावर कुठला गट आणि कुठला मंगळवार. पाऊस पडल्यावर दोघं गावात परतली आणि चूल मांडायच्याही आधी सगळी रक्कम व्याजासकट एकदम भरून आली. वर गटाच्या बाईंना एक कोकरू द्यायला निघाली होती, त्या बाईंनीच कानाला हात लावून नको म्हटलं. कर्ज फिटलं म्हणून त्या रात्री बिरप्पा पाय ताणून झोपला. यंत्रानं मात्र फेडलेले पैसे बाजूला ठेवून चुकलेले मंगळवार तेवढे ध्यानात ठेवले. बिरप्पाला हे कधी कळलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी तो हृदयाच्या झटक्यानं गेला.

"मग माझी सही घ्या," हाशम म्हणाला. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. सोलापुरातला हा मेंढ्यांचा व्यापारी, आणि बाजारातला दलालही. बिरप्पाची मेंढरं तोच घ्यायचा, प्रियंकाच्या जन्माच्या आधीपासून.

साहेबानं त्याच्या कार्डावरचा नंबर घातला, पडद्याकडं पाहिलं, परत घातला. "चाचा, तुमची इथं काही हिस्टरीच नाही."

"पासष्ट वर्षाची हिस्टरी हाय की. सांगोल्याच्या बाजारात जाऊन कुणालाबी विचारा."

"तसं नाही. तुम्ही कधी कर्जच काढलेलं नाही."

"व्याज हराम हाय आमच्यात. कशाला काढू?" हे हाशम छाती पुढं काढूनच म्हणाला.

"पण घेतल्याशिवाय तुम्ही फेडता की नाही हे आम्हाला कळणार कसं?"

साऱ्या बाजाराला बोलण्यात गुंडाळणारा हाशम डोक्यावरची टोपी सारखी करू लागला. प्रियंका शेजारच्या खुर्चीवर फायली मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या मनात वेगळंच आलं. जो माणूस व्याजाच्या कागदाला जन्मभर शिवला नाही तो आज सही करायला खिशाला पेन लावून आला होता. आणि त्याबद्दल एका शब्दानं बोलला नव्हता.

"पगारदार माणूस आणा," साहेब शेवटी म्हणाला. "सरकारी नोकरी असेल तर प्रश्नच नाही. पण सोमवारी आणा. कॉलेजची मुदत मंगळवारी संपतेय."

मुदत पुण्याच्या कॉलेजची होती. डोळे तपासायचं चार वर्षांचं शिक्षण. बनाबाई गावात सांगताना त्याला 'चष्म्याचा नंबर काढायची विद्या' म्हणायची, आणि गावकरी 'त्याला चार वर्सं कशाला?' म्हणायचे. प्रियंकाला त्या विद्येचं वेड लागलं ते सातवीत. शाळेत शिबिराला एक बाई आली होती. तिनं प्रियंकाच्या नाकावर लोखंडी चौकट बसवली आणि एकामागून एक भिंगं बदलली. अमुक दिसतं का, तमुक दिसतं का करता करता एक भिंग असं बसलं की खिडकीबाहेरच्या लिंबाला एकदम पानं आली. तोवर तिला वाटायचं, लांबचं झाड म्हणजे हिरवा ढीगच असतो, सगळ्यांनाच तो तसा दिसतो. पलीकडच्या माळावर वडलांची मेंढरं होती, तीही एकेक वेगळी झाली. ती तिथंच रडायला लागली आणि शिबिराची बाई घाबरली. भिंगाच्या एका तुकड्यानं सगळं जग माणसाला परत मिळतं, याचं नवल तिच्या मनातून आजपर्यंत गेलेलं नव्हतं.

बँकेतून रिक्षानं तिघं सोलापुरातल्याच विजापूर वेशीजवळ हाशमच्या घरी आली. हाशमच्या बायकोनं, नूरबीनं, चेहरे बघूनच काय ते ओळखलं आणि काही न विचारता चहा टाकला. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं आलं. कुणी फारसं खाल्लं नाही.

इतक्यात शगुफ्ता शाळेतून आली. ही हाशमची थोरली, महापालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षिका; प्रियंका तिला आपा म्हणायची. लग्न मोडून माहेरी आलेली, आणि आता या घराचा अर्धा भार वाहणारी. ती पर्स खुंटीला लावत होती तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आली. पगारदार माणूस म्हणजे हीच. आणि ती बोलायची कुणाची छाती झाली नाही.

त्याला कारण होतं. धाकट्या भावाच्या, फरहानच्या टेम्पोला शगुफ्तानंच जामिनाची सही दिली होती. सहा महिन्यांत सगळं फेडतो म्हणाला होता पठ्ठ्या. सहा महिन्यांनी त्यानं टेम्पो विकला, हैदराबाद गाठलं आणि घरात चकार शब्द काढला नाही. शगुफ्ताला ते बँकेच्या नोटिशीतून कळलं. दोन वर्षं तिच्या पगारातून पैसे कापले गेले. आता फरहान ईदेला फोन करतो, आणि ती फोन आईच्या हातात देते. परत कुणासाठी सही म्हणून करणार नाही, अशी तिनं शपथ घेतली होती, तीही जेवताना, हातातला घास खाली ठेवून.

हाशमनं चहा संपवला. मग खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि लेकीपुढं बसला.

"शगू, हात दे."

शगुफ्तानं रुमालाकडं पाहिलं आणि तिला कळलं. बनाबाईलाही कळलं, ती घाईनं म्हणाली, "हाशमभाई, पोरीला पेचात घालू नगा. आमी बघू दुसरं कायतरी."

"म्हणून तर रुमाल घेतला, भाभी. पेच नक्को म्हणूनच."

जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, दलाल वर रुमाल टाकतो आणि भाव बोटांनी ठरतो. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. नको असलं तर समोरच्याची बोटं ढकलून द्यायची. भोवती पन्नास माणसं उभी असू देत, रुमालाखाली काय चाललंय ते कुणाला कळत नाही. आणि जे झालं ते बाहेर कुणी सांगत नाही. सौदा फिसकटला तर दलाल म्हणतो, माझ्याच्यानं जुळलं नाही, आणि दोष आपल्या डोक्यावर घेतो. मग नाही म्हणणारा आणि ऐकणारा, दोघं एकाच गाड्यावर भजी खायला मोकळे. सौदा जमलाच तर बनाबाई कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडायची आणि निघालेल्या मेंढीच्या कपाळाला चिमूटभर लावायची. विकलं तरी आपलं लेकरू, मोकळ्या कपाळानं जाऊ नये. बिरप्पा तेवढा वेळ पाठ करून उभा राहायचा.

"पंजा म्हंजी हौ," हाशम म्हणाला. "करंगळी म्हंजी नक्को. तुझी मर्जी. कुणी पुसणार न्हाई."

शगुफ्तानं हात दिला. लहानपणी ती बापाबरोबर बाजारात बसायची, बोटांची भाषा तिला पाढ्यांच्या आधी आली होती. रुमाल जरासा हलला. मग बराच वेळ हललाच नाही. नूरबी पदराशी चाळा करत बसली. शेवटी रुमाल पुन्हा एकदा हलला, अगदी थोडा, आणि हाशमनं तो उचलून खांद्यावर टाकला.

"जुळलं न्हाई माझ्याच्यानं," तो म्हणाला. "मीच कच्चा पडलो."

झालं. खोलीत सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी कुणाला काहीच कळलं नव्हतं. नूरबीनं आणखी चहाचं विचारलं. बनाबाईनं शगुफ्ताला शाळेतल्या पोरांचं विचारलं, आणि अगदी सरळ, कसलाही सल न ठेवता विचारलं. शगुफ्तानंही सांगितलं. प्रियंका हे बघत राहिली. तिच्या चार वर्षांचा आत्ता इथं निकाल लागला होता आणि तिची आई नाही म्हणणाऱ्या बाईशी मायेनं बोलत होती. एवढ्याशा रुमालात एवढी ताकद असते याचा तिला अचंबा वाटला.

बनाबाई उठली. "येतो मग. साडेतीनची यष्टी गावली तर बरं."

प्रियंका उठली नाही.

"चाचा," ती म्हणाली, "एक इचारू?"

"पूछ की."

"बाजारात मेंढीला कुणी इचारतं का, तुला जायचंय का म्हणून?"

"मेंढीला काय पुसायचं? ती बोलती होय."

"तेच म्हणते मी. बँकवाल्यानं आयला इचारलं. आयनं तुमाला सांगितलं. तुमी आपांना इचारलं. कर्ज माझं, शिकायचं मला, फेडायचं मला. आन् मला कुणी काय इचारलंच न्हाय. मी मेंढी न्हाय चाचा. मी बोलते." तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती. "माझा हात घ्या की रुमालाखाली. आपांनी नगं म्हणलं तर नगं. पर मला म्हणू दे."

बनाबाईनं "पिंके" म्हणून दटावलं. बाईमाणूस आपणहून कधी रुमालाखाली हात मागत नाही, आणि सौदा एकदा मोडला की त्याच दिवशी पुन्हा मांडत नाहीत. एका दमात पोरीनं दोन्ही रिती मोडल्या होत्या. हाशम दाढी कुरवाळू लागला. त्याला हसावं की रागवावं ते ठरवता येईना.

हसली ती शगुफ्ता. हलकेच, नाकातून. ती उठली, बापाच्या खांद्यावरून रुमाल काढून घेतला आणि प्रियंकापुढं मांडी घालून बसली.

"अब्बा, तुम्ही जरा तिकडं सरका," ती म्हणाली. "आता दलाल नको."

तिनं दोघींच्या हातांवर रुमाल टाकला. तिचा हात कोरडा होता आणि अंगठ्याला खडूची भुकटी लागलेली होती.

"कोर्स झाल्यावर किती वर्षांत माझं नाव मोकळं करशील? तोंडानं नको. एक बोट म्हणजे एक वर्ष."

प्रियंकानं इथं येईपर्यंत हजारदा हिशेब केला होता, पण आता डोक्यात एकही आकडा राहिला नाही. एवढंच कळत होतं, की आकडा लहान पाहिजे. या बाईचे पैसे कापले गेलेत, तिला लवकर सुटायचं असणार. तिनं शगुफ्ताची दोन बोटं धरली.

शगुफ्तानं ती सोडवली.

दोन वर्षंही जास्त वाटली म्हणायची. तिनं डोळे मिटले आणि एकच बोट धरलं. एक वर्ष. कसं जमवणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. मेंढरं विकावी लागतील, उपाशी राहावं लागेल, बघता येईल.

शगुफ्तानं तेही ढकललं, आणि या वेळी तिच्या हातावर एक चापटी मारली. वर्गात मारतात तसली. मग तिनं प्रियंकाची मूठ उलगडली आणि तिचा अख्खा पंजा आपल्या मुठीत घट्ट धरला. पाच. प्रियंकानं सुटकेचा श्वास घ्यायच्या आत पंजा सुटला आणि पुन्हा तसाच धरला गेला.

पाच आणि पाच.

आपण चुकीचं मोजलं असंच प्रियंकाला वाटलं. तिनं चाचपडत शगुफ्ताचा पंजा धरला, सोडला आणि पुन्हा धरला, विचारल्यासारखा. उत्तर आलं तेच. पंजा, आणि पंजा. दहा वर्षं.

लहानपणापासून ती बाजारात बापाच्या मागं उभी राहिली होती, शेकड्यांनी सौदे पाहिले होते. घेणारा खाली ओढतो, देणारा वर नेतो, हे तिला माहीत होतं. पण आपल्याच गळ्यातला फास लांबवणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. ही बाई तिची कुणी लागत नव्हती. एकदा जामीन राहून पोळली होती, घास खाली ठेवून शपथ घेऊन बसली होती. आणि आता रुमालाखाली, कुणी बघत नसताना, मला लवकर सोड म्हणायच्या ऐवजी तुला हवा तेवढा वेळ घे म्हणत होती. सातवीतल्या त्या भिंगासारखंच झालं. समोर बसलेली बाई क्षणभर इतकी स्वच्छ दिसली, कपाळावरच्या बारीक आठीसकट, की प्रियंकाला तिच्याकडं बघवेना.

शगुफ्ता पुढं वाकली आणि तिच्या कानाशी बोलली. "घाईनं फेडतो म्हणणारे मी पाहिलेत. तू सावकाश फेड. पण हप्ता चुकणार असला तर बँकेच्या आधी मला कळलं पाहिजे. तुझ्या तोंडून. हे तोंडानं सांगते, कारण याला बोट नाही."

"व्हय," प्रियंका म्हणाली.

शगुफ्तानं रुमाल काढला, घडी घालून बापाच्या हातात दिला. "सोमवारी दहाला मी बँकेत येते. अर्धी रजा टाकते."

नूरबीनं तोंडावर पदर धरला. हाशम रुमालाच्या घडीकडं बघत राहिला. चाळीस वर्षं हा रुमाल त्यानं दुसऱ्यांच्या हातांवर टाकला होता, आणि आज पहिल्यांदा तो स्वतः बाहेर राहिला होता. त्याला राहवलं नाही.

"कितने पे ठरला सौदा?"

"पुसायचं नसतंय," नूरबी म्हणाली. "तुमचाच कानून हाय."

"हौ, ते हाय," हाशम म्हणाला, आणि लेकीकडं अशा काही नजरेनं बघू लागला, की जणू ती आत्ताच कुठूनशी परगावाहून आली आहे. मग तो उठून आतल्या खोलीत गेला. आत बराच वेळ उगीच भांड्यांचा आवाज येत राहिला.

बनाबाई अजून दारातच उभी होती, एक पाय चपलेत आणि एक बाहेर. तिला शगुफ्ताला काहीतरी म्हणायचं होतं. उपकार म्हणावं तर शब्द थिटा पडत होता, आणि नुसतं गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं शगुफ्तापुढं हात जोडायला उचलले, तर शगुफ्तानं ते मध्येच धरून खाली केले. "नको मावशी," एवढंच ती म्हणाली.

मग बनाबाईचा हात कनवटीला गेला. तो तिनं मुद्दाम नेला नव्हता. सौदा जमला की तो आपोआप तिकडं जायचा, वर्षानुवर्षांची सवय. भंडाऱ्याची पुडी बोटांत आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इथं मेंढी नाही. ती जराशी थांबली. समोर प्रियंका बसली होती, चष्मा पुसत, अजून भानावर न आलेली. बनाबाईनं पुडी सोडली, चिमूट घेतली आणि लेकीच्या कपाळाला लावली, दोन भुवयांच्या मध्ये, अंगठ्यानं दाबून.

पाठ करून उभं राहायला बिरप्पा नव्हता, म्हणून लावून झाल्यावर तीच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मी बोलते, असं मघाशी ठणकावून सांगणारी प्रियंका कपाळावरचा भंडारा नाकावर सांडत असताना एक शब्द बोलू शकली नाही. आपण जाणार, हे तिला आत्ता कळलं होतं.